तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर?

"मॅडम, जायला माझी हरकत नाही. पण तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर?"

दारू सोडू पाहणाऱ्यांना त्यांच्यासारख्यांच्या गटाच्या मीटिंगला जा म्हटलं, की येणारा हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की एखाद्याने तो विचारला नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं. या वेळी विचारणारे शिक्षक होते. त्यांना नुसतं सर म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, बोटांचा मात्र खुर्चीच्या हातावर सतत चाळा. "पिऊन वर्गात कधी गेलो नाही," हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा बायको खिडकीबाहेर बघत होती.

ते डॉक्टरांचे उपचार घेऊन माझ्याकडे आले होते, हे बरं झालं. रोज भरपूर पिणाऱ्याने मनानेच एका झटक्यात बंद केली, तर हात थरथरणं आणि घाम एवढ्यावर भागेलच असं नाही. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, त्यापुढे काहींना भास होतात, भ्रम होतो, आणि ते जिवावरही बेतू शकतं. ते निस्तरणं गटाचं काम नव्हे. गट लागतो तो नंतर, अंगातली दारू उतरल्यावर रोजची ती ठरलेली संध्याकाळ समोर येऊन उभी राहते तेव्हा.

मी अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए या अशाच गटांच्या मीटिंगांची यादी त्यांच्या हातात ठेवली. पुढच्या भेटीला सर आले ते चिडूनच.

"कुलूप होतं मॅडम. वॉचमन विचारतो, कोण हवंय? काय सांगू त्याला?"

चूक माझी होती. यादी जुनी होती. हे गट सभासदच चालवतात; जागा मागून किंवा भाड्याने घेतलेली, त्यामुळे वार, वेळ, खोली बदलत राहते. पहिल्यांदा जायचं धाडस गोळा करून गेलेला माणूस कुलूप बघून दुसऱ्यांदा जाईलच, याचा भरवसा नसतो. सर त्या दिवशी सरळ घरी गेले, हे आम्हा दोघांचंही नशीब.

तेव्हापासून मी छापील यादीवर विसंबत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर बघायचं आणि त्याच दिवशी फोन करून खात्री करायची. सरांनी तो फोन माझ्यासमोरच लावला. विचारायचं काय ते मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: आज मीटिंग नक्की आहे का, कुठल्या दाराने यायचं, ओपन आहे की क्लोज्ड. ओपन मीटिंगला घरचे, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं. क्लोज्ड फक्त ज्यांना पिणं थांबवायचंय त्यांच्यासाठी. पलीकडचा माणूस म्हणाला, "नाव नाही सांगितलंत तरी चालेल. मी गेटपाशी थांबतो." सरांनी फोन ठेवला आणि हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

आता मूळ प्रश्न. 1935 साली अमेरिकेत ॲक्रनला एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूपायी बुडालेले, एकमेकांशी बोलत राहिले, त्यातून एए उभी राहिली. तिथे पूर्ण नाव सांगावं लागत नाही, फी नाही, वर्गणी ऐच्छिक. सभासद व्हायला पिणं थांबवण्याची इच्छा एवढीच अट. ऐकलेलं तिथेच ठेवायचं, असा रिवाज आहे. पण रिवाजच, मला माझ्या पेशाचं बंधन असतं, तसं सभासदांवर नसतं. त्यामुळे 'कुणी भेटणार नाही' असं मी कधीच सांगत नाही. भेटू शकतं.

सरांना भेटलंच. तिसऱ्या मीटिंगला त्यांच्याच वर्गातल्या मुलाचे वडील! "पाय जमिनीला चिकटले," सर सांगत होते. त्या गृहस्थांनी बाकावर थोडं सरकून जागा केली, बस्स. पुढे पालकसभेत भेटले तेव्हा "नमस्कार सर, गणितात कसा आहे?" एवढंच. ते स्वतः मीटिंगला कशासाठी आले होते, हे आधी सरांच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि खरं सांगू? जे लपवायला माणूस एवढा धडपडतो, ते गल्लीला बऱ्याचदा कधीच माहीत झालेलं असतं.

देवाधर्माचं बोलणं सरांना खटकायचं. तेवढ्यावरून गट सोडू नका, दुसऱ्या गटात बसून बघा, म्हटलं. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. तरी नाहीच पटलं, तर स्मार्ट रिकव्हरीसारखे देवाचा विषय न काढणारे गटही आहेत. सर दुसऱ्या गटात रमले. बायकोला मी अल-अनॉनचं सुचवलं. 1951 पासूनची ही संस्था पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी आहे. "प्यायचे ते, आणि मीटिंगला मी का जाऊ?" म्हणत त्या दोन महिने गेल्या नाहीत. मग गेल्या.

चौथ्या महिन्यात सर घसरले. एका लग्नात. दुसऱ्या दिवशी स्वतःच गटात सांगितलं आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले. तेव्हा मला फोन आला नव्हता. आला तो परवा.

"मॅडम, तुमच्याकडे बुधवारची वेळ सात असेल तर साडेसात करा. खोलीही बदललीय, मागच्या जिन्याने वर. आणि कुणाला पाठवलंत तर आधी मला कळवा, मी खाली उभा राहीन."