वडिलांच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टारची नोंद नाही, आता काय करावे?

प्रश्न : माझे वडील (अण्णा) १९६८ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९८५ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आता ते हडपसरला आमच्याकडे असतात. डिसेंबर १९७१ च्या युद्धात ते जंगी पलटणीबरोबर (१ मराठा लाइट इन्फंट्री) आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. तिथे डाव्या दंडात छर्रा घुसला आणि पुढचे काही महिने दवाखान्यात गेले. डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्त होताना मिळालेल्या सेवापुस्तिकेत, मात्र सैन्य सेवा मेडल आणि नऊ वर्षांचे लाँग सर्व्हिस मेडल एवढ्याच नोंदी आहेत. १९७१ च्या युद्धातल्या पूर्व आघाडीचे पूर्वी स्टार नाही, त्या युद्धकाळातल्या सेवेचे संग्राम मेडल नाही, जखमेचे मेडल नाही. ओळखीच्या एकाने लिहून दिलेला अर्ज दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. 'हरवलेल्या मेडलच्या डुप्लिकेटसाठी कागदपत्रे जोडा' असे उत्तर आले. अण्णा म्हणतात, जाऊ दे. मला जाऊ द्यायचे नाही. इतक्या वर्षांनी काही होऊ शकते का? खर्च किती येईल? आणि अण्णा मध्येच थकले तर मला हे पुढे नेता येईल का? सोबत त्या अर्जाची प्रत, डिस्चार्ज बुकाचे पान आणि १९७४ सालचा अण्णांचा वर्दीतला फोटो पाठवत आहे.

उत्तर : ताई, होऊ शकते. आणि तुम्ही पाठवलेला फोटो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार मोलाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

स्टुडिओतल्या पडद्यासमोर अण्णा उभे आहेत आणि डाव्या खिशाच्या वर रिबिनी दिसतात. मी फोटो मोठा करून मोजल्या, चार आहेत. आता डिस्चार्ज बुकाचे पान शेजारी ठेवा. त्यात दोनच मेडल, आणि त्यातले नऊ वर्षांच्या सेवेचे मेडल १९६८ च्या भरतीला १९७७ च्या आधी मिळूच शकत नाही. म्हणजे १९७४ साली त्या पानाप्रमाणे अण्णांच्या छातीवर एकच रिबीन असायला हवी होती. बाकीच्या तीन कुठून आल्या? सैन्यात शिपाई मनाने रिबीन लावत नाही, रोजच्या परेडला सुभेदाराची नजर असते. फोटो कृष्णधवल असल्याने रंग ओळखता येत नाहीत, पण माझा अंदाज असा की त्या तीन म्हणजे पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे मेडल. हे शेवटचे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्या प्रत्येकाला होते. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, कारण पानावरही ते नाही. १९७१ ते ७३ या काळातले एकही मेडल पानावर नसावे, हे मला सगळ्यात बोलके वाटते. अण्णा तेव्हा दवाखान्यात, मग रेजिमेंटच्या सेंटरला, मग पुन्हा पलटणीत असे फिरत होते. माणूस हलतो तेव्हा कागद मागे राहतो. माझ्याकडे येणाऱ्या माजी सैनिकांच्या बहुतेक प्रकरणांत हेच निघते.

सैन्यात मेडलचा हक्क कागदावर येतो तो पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे जवानाच्या सेवेतली घडामोड नोंदवणाऱ्या आदेशाने. पलटण ती काढते, तिच्यावरून रेकॉर्ड ऑफिस शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, नोंद घेते, आणि जवान घरी जाताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. ही तीन पायऱ्यांची साखळी आहे आणि तुमचे सगळे प्रकरण ती कुठे तुटली यावर उभे आहे. शीट रोलमध्ये नोंद असेल आणि फक्त डिस्चार्ज बुकात उतरवायची राहिली असेल, तर ती लेखनिकाची चूक आहे, एका अर्जाने दुरुस्त होते. ऑर्डर निघाली पण शीट रोलमध्ये चढली नाही, तर ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख शोधावी लागते. ऑर्डरच निघाली नसेल, तर हक्क नव्याने सिद्ध करावा लागतो. त्यामुळे शीट रोल हातात येईपर्यंत मेडलसाठी दुसरा कुठलाही अर्ज करू नका.

तुमचा पहिला अर्ज इथेच फसला. तो मी वाचला. 'मेडल गहाळ झाली आहेत, पुन्हा मिळावीत' असे लिहिले आहे. अण्णांना मेडल मिळालेच नव्हते, मग हरवेल कसे? हरवलेल्या मेडलच्या बदली मेडलची वाट वेगळी आहे, तिथे आधी मिळाल्याची नोंद असावी लागते आणि हरवल्याची हकीकत द्यावी लागते. रेकॉर्ड ऑफिसने तुमच्याच शब्दांना धरून उत्तर दिले, त्यांना मी दोष देणार नाही. पण त्या उत्तराप्रमाणे आता पोलिसात हरवल्याची तक्रार करायला मुळीच जाऊ नका. ते खोटे निवेदन ठरेल, आणि पुढे प्रकरण सैनिकांच्या सेवेच्या तक्रारी ऐकणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात गेले तर समोरचा वकील पहिल्यांदा तेच पान उघडेल. नव्या अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात सरळ लिहा : 'आधीच्या अर्जात 'गहाळ' हा शब्द चुकीने आला, मला ही मेडल आजवर मिळालेली नाहीत.'

शीट रोलसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज तुमच्या नावाने नको, अण्णांच्या नावाने आणि अण्णांच्या सहीने करा. तुम्ही मागितलेत तर ती दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती म्हणून नाकारण्याचे निमित्त मिळते. स्वतःचीच नोंद मागणाऱ्या पेन्शनरला ते सांगता येत नाही. पूर्ण शीट रोलची प्रत, डिसेंबर १९७१ ते डिसेंबर १९७४ या काळात अण्णांच्या नावे निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डर, आणि निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचे कागद, एवढेच मागा. 'मला मेडल का दिले नाही' असा प्रश्न विचारू नका, माहिती अधिकारात कागद मिळतो, कारणमीमांसा मिळत नाही. उत्तर अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील करा.

अण्णा पेन्शनर आहेत ही इथे जमेची बाजू. पेन्शन न घेता आलेल्यांचे सेवेचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात आणि लाँग रोलमधली (कायम ठेवल्या जाणाऱ्या नोंदवहीतली) एक ओळ तेवढी उरते. त्या माणसांच्या घरच्यांना मी काय सांगायचे, हा प्रश्न मला अनेकदा पडतो.

अर्ज करण्याआधी नाव तपासा. डिस्चार्ज बुकात, पेन्शनच्या आदेशात (पीपीओ) आणि आधारवर अण्णांच्या आणि आजोबांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का? तुम्ही पाठवलेल्या पानावर मला आजोबांच्या नावात एक अक्षर वेगळे दिसले. ते आधी जुळवून घ्या.

जखमेचे मेडल ही वेगळी लढाई आहे आणि ती मी मुद्दाम बाजूला काढतो. ते मेडल, म्हणजे पराक्रम पदक, शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांना आहे. ते १९७३ साली सुरू झाले. म्हणजे अण्णा जखमी झाले तेव्हा ते अस्तित्वातच नव्हते, नंतर कोणीतरी मागे जाऊन नावे काढायला हवी होती. इथे पुरावा हवा तो युद्धात जखमी म्हणून निघालेल्या पार्ट टू ऑर्डरचा किंवा दवाखान्याच्या कागदाचा. अण्णांना विचारा, जमालपूरहून आधी कुठे नेले, पुढे कोणत्या दवाखान्यात ठेवले, छर्रा काढला की अजून आत आहे? आत असेल तर आज एक्स-रे काढा. धातूचा तुकडा एक्स-रेत दिसतो, आणि निवृत्तीच्या मेडिकल बोर्डात त्याच दंडावरच्या खुणेची नोंद असेल तर दोन कागद एकमेकांना धरतात. बरोबरचे कोणी हयात असतील तर त्यांचे प्रतिज्ञापत्र आताच करून घ्या. भोर-वेल्ह्याकडे, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे जंगी पलटणीची माणसे असतील. त्यांची वयेही अण्णांएवढीच आहेत, सहा महिन्यांनी करू असे म्हणू नका.

पूर्वी स्टार आणि संग्राम मेडलच्या बाजूने मात्र इतिहासच उभा आहे. १०-११ डिसेंबर १९७१ च्या रात्रीच्या जमालपूरच्या लढाईत १ मराठा लाइट इन्फंट्री होती आणि पलटणीला 'जमालपूर' हा बॅटल ऑनर (युद्धसन्मान) मिळाला. पलटण तिथे होती हे सिद्ध करायची गरज नाही, अण्णा त्या दिवसांत पलटणीच्या हजेरीवर होते एवढेच दाखवायचे आहे.

कागद आले की अण्णांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला निवेदन द्या. कुठल्या मेडलसाठी कुठला कागद, हे स्पष्ट लिहा. ते घोरपडीच्या युद्धस्मारकाजवळच्या सैनिक कल्याण विभागात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून त्यांच्यामार्फत पाठवले तर बरे, पण स्पीड पोस्टाने एक प्रत स्वतंत्र पाठवाच. पोचपावती जपून ठेवा, पुढची सगळी मुदत तिच्यावरून मोजायची आहे.

सहा महिन्यांत निर्णय आला नाही किंवा नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम, २००७ नुसार मुंबई खंडपीठात अर्ज करता येतो. पुण्यात राहणाऱ्या निवृत्त सैनिकाला तेच खंडपीठ. कलम २१ सांगते की आधी खात्याकडे दाद मागा, कलम २२ सांगते की अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत या. उत्तरच आले नाही तरी पुढच्या सहा महिन्यांत यावे, असे मी सुचवेन. खरी अडचण पन्नास वर्षांच्या विलंबाची आहे आणि ती मी लपवणार नाही. नवा अर्ज केला आणि त्याला उत्तर आले म्हणून जुना दावा ताजा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सी. जेकब प्रकरणात २००८ साली सांगितले आहे. पेन्शनसारख्या दरमहा चालू राहणाऱ्या अन्यायाला त्याच वर्षीच्या तरसेम सिंग निकालाचा आधार मिळतो, तिथेही थकबाकी साधारण तीन वर्षांचीच. मेडल दरमहा मिळत नाही. म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत लागेल, आणि त्यात शीट रोल कधी हाती आला ही तारीख महत्त्वाची ठरेल. हे दुसरे कारण, ज्यासाठी मी शीट रोलवर एवढा अडून बसलो आहे. रेकॉर्ड ऑफिसची स्वतःची चूक कागदावर दिसली तर बहुधा मुंबईपर्यंत जायची वेळच येणार नाही.

खर्चाचे विचारलेत. माहिती अधिकार आणि निवेदन यासाठी वकील लागत नाही, कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. पुढे गरज पडली तर २०२५ साली सुरू झालेल्या नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक मंडळांच्या कार्यालयांत मोफत कायदा सहाय्याची सोय ठेवली आहे, तिची चौकशी करा. पूर्वी स्टार किंवा संग्राम मेडलने पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढत नाही, हे अण्णांनाही सांगा. जखमेचे मात्र वेगळे. युद्धात जखमी अशी नोंद निघाली आणि मेडिकल बोर्डाने अपंगत्व धरले असेल, तर युद्धजखमी पेन्शनचा प्रश्न उभा राहतो. तो मेडलच्या अर्जात मिसळू नका, कागद आल्यावर मला स्वतंत्र लिहा.

एक शेवटची गोष्ट, कारण तुम्ही विचारलेत. सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम २ मध्ये निवृत्त सैनिकाचे आश्रित आणि वारसही येतात. अण्णा मध्येच थकले, तर हे प्रकरण तुम्हाला पुढे नेता येते. पण निवेदनावर सही त्यांची असू द्या. हात थरथरत असेल तर अंगठा चालतो, फक्त शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. आणि तो १९७४ चा फोटो फ्रेममधून काढून मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असेल तर दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स मला पाठवा.