लग्न मोडलं, ॲडव्हान्स कोणाचा?

संगमनेरहून एका आईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "मुलगा २२ वर्षांचा. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सोडून दोन सीझन लग्नांचे फोटो काढतोय. मे महिन्यातलं एक काम ८०,००० ला ठरलं, ३०,००० ॲडव्हान्स आला. लग्नाला दीड महिना असताना नवऱ्या मुलाचे वडील गेले. आधी तारीख पुढे गेली, मग सोयरीकच मोडली. मुलीकडचे पैसे परत मागताहेत. त्या पैशांची याने लेन्स घेतली. पावतीवर 'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' असं छापलेलं आहे. त्याचे बाबा म्हणतात, हा धंदा नाही, जुगार आहे, नोकरी बघ. मला मात्र झोप लागत नाही. मोडलेल्या लग्नाचे पैसे ठेवावेत का?"

ताई, आधी पैशांचं बोलते. मुलाने या कामात राहावं की नाही, हे त्यातूनच कळेल.

त्यातली काही रक्कम ठेवण्यात काहीही गैर नाही. सगळी ठेवणं मात्र बरोबर नाही.

लग्नाच्या फोटोग्राफरकडे विकायला कॅमेऱ्याआधी तारीख असते. तुळशीचं लग्न लागल्यापासून आषाढीपर्यंतचा काळ, त्यातून पौष वगळा, गुरू-शुक्राचे अस्त वगळा. उरलेल्या दाट तिथीला तालुक्यातली सगळी कार्यालयं भरलेली असतात आणि तुमचा मुलगा एकाच मांडवात उभा राहू शकतो. एकाला हो म्हटलं की त्या दिवसासाठी आलेल्या बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं. बँडवाल्याला सुपारी द्यायची, जमिनीला इसार द्यायचा, तसाच हा ॲडव्हान्स. तो त्या राखून ठेवलेल्या दिवसाचा असतो. म्हणून तो दिवस गेल्याने खरोखर किती बुडालं, हेच पाहायचं.

त्याला कागद घेऊन बसवा. दुसऱ्या कॅमेऱ्यावाल्याला, ड्रोनवाल्याला किती पैसे देऊन ठेवले होते आणि ते परत येतात का? त्या तारखेला कोणाकोणाला नाही म्हटलं? फोनमध्ये मेसेज असतील, ते काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी दुसरं काम मिळालं का? समजा मदतनिसांचे ४,००० गेले, पण तारीख पुन्हा भरली, तर ४,००० ठेवून २६,००० परत करावेत. तारीख रिकामी गेली आणि ३५,००० चं एखादं काम नाकारल्याचा मेसेज हातात असेल, तर १२ ते १५ हजार ठेवणं मला रास्त वाटतं. नाकारलेल्या कामाचे पूर्ण पैसे धरू नयेत, कारण त्यातून खर्चही झाला असता, आणि दीड महिना आधी कळल्याने तारीख पुन्हा भरायला थोडा वेळही मिळाला होता.

छापलेल्या ओळीवर फार विसंबू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यास वाजवी भरपाई मिळते, आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. १९६९ मध्ये मौला बक्ष खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या जप्त अनामतीचा प्रश्न आला होता. नुकसान मोजून दाखवता येण्यासारखं असतानाही सरकारने ते दाखवलं नव्हतं, म्हणून निकाल सरकारच्या विरोधात गेला. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार अनुचित धरला आहे. छापील ओळीपेक्षा मुलाचा हिशेबाचा कागद जास्त कामाचा आहे, तो यामुळे.

पैशांचं फोनवर बोलू नये. त्याने मुलीच्या घरी स्वतः जावं, तुम्ही सोबत गेलात तर उत्तम. त्या घरात सध्या काय चाललं असेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आधी विचारपूस, मग हिशेब. लेन्समध्ये पैसे अडकलेत हे लपवू नये. दोन हप्ते, दोन तारखा, लिहून द्याव्यात. ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात परत पाठवावी आणि शेवटच्या हप्त्यानंतर 'हिशेब पूर्ण झाला' एवढा मेसेज मागून घ्यावा.

पुढच्या प्रत्येक बुकिंगला मात्र हे आधीच ठरलेलं हवं, आणि साध्या मराठीत. वधूपित्याला एका वाचनात कळेल असं काहीतरी: "बुकिंगचे २०,००० ही तारीख राखण्यासाठी आहेत. लग्न ९० दिवस आधी रद्द झाल्यास ५,००० वजा करून बाकी परत. त्यानंतर रद्द झाल्यास आणि तारीख दुसरीकडे न भरल्यास १५,००० पर्यंत वजा. तारीख भरली तर फक्त झालेला खर्च वजा. घरात दुःखद घटना घडून तारीख बदलली तर, आम्ही मोकळे असल्यास, एकदा विनाशुल्क बदल." आकडे त्याने आपल्या कामाप्रमाणे बसवावेत. व्हॉट्सॲपवर पाठवून समोरून 'मान्य' आलं तरी तो पुरावा होतो. पावती मात्र प्रत्येक वेळी द्यायलाच हवी.

पुढे ढकलणं आणि रद्द करणं यांत मी मुद्दाम फरक केला आहे. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास अशी अट आली, तेव्हा किती तारखा हलल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तारीख हलली तरी लग्न व्हायचंच असतं, आणि अशा वेळी कुरकुर न करता पुन्हा उभा राहिलेला फोटोग्राफर घराघरांत लक्षात राहतो.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण तीच मला जास्त काळजीची वाटते. उद्या हाच तापाने पडला तर? मांडव थांबत नाही आणि सप्तपदी पुन्हा होत नाही. अशा वेळी पूर्ण रक्कम परत, शिवाय पर्यायी माणूस उभा करणं ही त्याचीच जबाबदारी. आसपासच्या दोन-तीन चांगल्या फोटोग्राफरांशी आत्ताच बोलून ठेवायला सांगा: तू अडलास तर मी, मी अडलो तर तू.

आता त्याच्या बाबांना. जुगार म्हणावं असं या कामात मला काही दिसत नाही. दोन सीझनमध्ये ८०,००० चं काम मिळवणाऱ्या मुलाचा हात चांगला असणार. चूक झाली ती काम पूर्ण होण्याआधीच ॲडव्हान्स खर्च करण्यात. बी.कॉम.ला त्याने हे शिकलेलं आहे: ग्राहकाकडून आलेली आगाऊ रक्कम ताळेबंदात देण्याच्या बाजूला लिहितात, उत्पन्नात नाही. काम झालं की ती त्याची, तोवर लोकांची. म्हणून माझं सांगणं असं की नोकरीचा आग्रह तूर्त सोडा, पण शेवटचं वर्ष त्याने पूर्ण करावंच. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा अभ्यासाला वेळ मिळतो.

आणि बँकेत एक वेगळं खातं उघडा, त्याच्या आणि तुमच्या नावावर, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं. प्रत्येक ॲडव्हान्स आधी तिथे. लग्न लागलं, फोटो दोन ठिकाणी साठवून झाले, की दुसऱ्या दिवशी त्याने तुमच्याकडे सही मागायला यावं.