मिनियन मारावा की हिरोवर चालून जावे?

प्रश्न : मी खानापूरला राहतो आणि कॉलेजसाठी रोज बेळगावला ये-जा करतो. वर्षभर मोबाइलवर हार्थस्टोन हा दोघांचा पत्त्यांचा खेळ खेळतो आहे. प्रतिस्पर्ध्याने उतरवलेला प्रत्येक मिनियन (पटावर राहून लढणारे पान) मी लगेच मारतो, तरीही सात-आठ टर्ननंतर डाव हातून निसटतो. माझी पाने कमी पडतात की निर्णय चुकतात? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘प्रत्येक’ हा शब्द मला खटकला. समोरचा मिनियन मारायचा की थेट हिरोवर, म्हणजे ज्याची हेल्थ संपली की डाव संपतो त्या समोरच्याच्या पात्रावर, चालून जायचे, हे सवयीने ठरवता येत नाही. डाव लांबला तर फायदा कोणाचा, हे आधी पाहावे लागते. ज्याच्याकडे महागडी, उशिरा उतरणारी पाने जास्त, त्याला वेळ हवा असतो, म्हणून त्याने पट साफ ठेवावा. ज्याची पाने स्वस्त, त्याने समोरच्याला १० मानापर्यंत सुखाने पोहोचू देऊ नये (माना म्हणजे पाने उतरवायला लागणारी शक्ती, ती दर टर्नला एकाने वाढत १० पर्यंत जाते). तुमचा डेक (पानांचा संच) तोच असला तरी एका सामन्यात तो चढाई करणारा असतो आणि दुसऱ्यात बचाव करणारा.

समजा, तुमची सातवी टर्न आहे. समोरच्याची हेल्थ ११, तुमची १४. तुमच्याकडे ४ आणि ३ अटॅकचे दोन मिनियन, त्याच्याकडे ३ आणि २ अटॅकचे दोन, आणि हिरोची वाट अडवणारा टाँट मिनियन कोणाकडेच नाही. तुम्ही दोघांनाही हिरोवर सोडले, तर त्याची हेल्थ ४ वर येते आणि पुढच्या टर्नला तुमचे हेच दोन मिनियन डाव संपवू शकतात. त्याने उलट तुमच्यावर ५ चा मारा केला, तरी तुम्ही ९ वर उभे असता. म्हणजे शर्यत त्याला परवडत नाही. त्याला आपले मिनियन आणि स्पेल (एकदाच वापरायची जादूची पाने) तुमच्या मिनियनांवर खर्ची घालावे लागतात आणि तोट्याची अदलाबदल त्याच्या गळ्यात पडते. तुम्ही मात्र आधी त्याचे मिनियन मारत बसता, ते काम स्वतःकडे घेता आणि आठ मानाचे पान उतरवायला त्याला सवड देता. अर्थात समोरच्याच्या डेकमध्ये थेट इजा करणाऱ्या स्पेलांचा भरणा असेल आणि भारी पाने तुमच्या हातात असतील, तर हाच पट तुम्ही साफ केला पाहिजे, कारण तेव्हा तुमची १४ हेल्थ दिसते तेवढी मोठी नसते.

दुसरी चूक आशेची असते. पहिली टर्न ज्याची, त्याला ३० पानांतून सुरुवातीला ३ आणि पुढे दर टर्नला १ पान मिळते. जादा पाने ओढली नसतील, तर सातव्या टर्नला डेकमध्ये २० उरतात. हव्या त्या पानाच्या दोन्ही प्रती त्यांतच असल्या, तरी पुढच्या एका खेपेत ते येण्याची शक्यता १० टक्के आणि पुढच्या तीन खेपांत मिळून सुमारे २८ टक्के. ‘आता येईलच’ म्हणून तीन टर्न बसून राहणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

गणपतीच्या मांडवात जागरणाला मेंढीकोट खेळणारी आपल्याकडची मंडळी गेलेल्या मेंढ्या आणि हुकूम न विसरता मोजतात. तीच मंडळी मोबाइल हातात आला की मोजणे सोडून देतात, याचे मला नेहमी नवल वाटते. हार्थस्टोनच्या नेहमीच्या डेकमध्ये एका पानाच्या जास्तीत जास्त दोन प्रती असतात आणि लेजंडरी या सर्वांत दुर्मीळ प्रकारच्या पानाची एकच. पट साफ करणारे स्पेल समोरच्याने दोनदा वापरले असेल, तर तुम्ही निर्धास्तपणे आणखी मिनियन उतरवू शकता. डावातच नवी पाने निर्माण करणारे पत्ते असल्यामुळे हा हिशेब तंतोतंत नसतो, पण हिशेबच नसण्यापेक्षा तो बरा.

टर्नमधला क्रमही पाहा. पान ओढायचे असेल, तर ते आधी ओढावे आणि मग बाकीचा माना खर्च करावा. मात्र हातात १० पाने असतील तर नव्याने ओढलेले जळून जाते. टर्नला वेळ सव्वा मिनिटाच्या आसपास मिळतो, म्हणून विचार समोरच्याच्या टर्नमध्येच उरकावा. (आपल्या भागातील पावसाळी नेटवर्कचा भरवसा धरून शेवटच्या क्षणी चाल करण्यात तर अजिबात अर्थ नाही.) हरलेल्या डावाचे टिपण ठेवताना शेवटची चाल लिहू नका, ज्या टर्नला तुम्ही चढाई सोडून बचावाला लागलात, ती टर्न आणि त्या वेळी दोघांची हेल्थ लिहा. दहा डावांनंतर वही उघडली, की पाने कमी पडत होती की निर्णय, हे तुम्हालाच कळेल.

प्रश्न : सुरुवातीला हातात आलेले सात मानाचे उत्तम पान ठेवावे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : सहसा नाही. पहिल्या सहा टर्न ते हातात नुसते पडून राहते. दुसऱ्या क्रमांकाने खेळताना कॉइन हे जादा पान मिळते खरे, पण ते एका टर्नपुरता एकच जादा माना देते. असे पान बदलावे आणि पहिल्या तीन टर्नांत उतरवता येईल असे शोधावे.