हरायला दिलेली जागा

सोलापूर, भाद्रपद

चि. बाळ यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. यंदा सगळ्या रानात ज्वारीचा सुधारित वाण पेरायचा म्हणून तू अडून बसलायस, दादा जुनी मालदांडी सोडत नाहीत, आणि आठ दिवस बापलेकात बोलणं नाही. बरोबर कोण, हे मी इथं बसून सांगणार नाही. मी काय केलं होतं तेवढं सांगतो.

मीही मालदांडीचाच माणूस. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ही ३५-१, आमच्या घरात दुसऱ्या ज्वारीची भाकरी कधी झाली नाही. फुले वसुधा हा नवा वाण करून बघा असं सांगणारे भेटले, तेव्हा मी हो म्हणालो. पण तिला रान दिलं ते माळाचं, मुरमाड, वीतभर खणलं की कुदळ वाजते असं. मालदांडी मात्र काळ्या भारी रानात. सुगीला गावभर सांगत फिरलो, नव्यात काही राम नाही. वसुधा भारी जमिनीसाठी काढलेली आहे, हलक्या रानाला फुले अनुराधा वेगळी आहे, हे मला पेरतानाच ठाऊक होतं रे. खळ्यावर तुझी काकू एवढंच म्हणाली, "तिला ती जागा हरायलाच दिली होती का?" मला उत्तर देता आलं नाही. अजून ते वाक्य टोचतं.

पुढच्या वर्षी एकाच काळ्या रानात चार ओळी हिच्या, चार तिच्या, अशा आळीपाळीनं पेरल्या. एकाच दिवशी, एकाच पाभरीनं. कोळपण्याही सारख्या. आपल्याकडं एक कोळपणी अर्धं पाणी म्हणतात ते खरंच आहे. तिसरी दातेरी कोळप्यानं केली, भेगा बुजून ओल टिकावी म्हणून, आणि ती दोन्हींकडं केली. लाडक्या पिकाकडं पाय आपोआप वळतात, तिथंच जपावं लागतं. दाणा वसुधेचा जास्त निघाला. मग कुठलं पीठ कुठलं ते न सांगता भाकरी वाढल्या, तर घरातल्या चौघांपैकी दोघांना मालदांडी ओळखूच आली नाही. त्यातला एक मी.

तरी घरापुरती मालदांडी मी अजून पेरतो. मला ती आवडते. पण आता ती आवड आहे, पूर्वीसारखा दावा नाही.

तू दादांना आज विचार, "काय दिसलं तर तुम्ही मानाल?" ते बहुतेक कडब्याचं बोलतील, दावणीला जनावरं आहेत. तू दाण्याच्या भावाचं बोलतोस. म्हणजे तुमचं भांडण एका गोष्टीवर नाहीच. मग हाच प्रश्न स्वतःलाही विचार आणि दोन्ही उत्तरं पेरणीआधी वहीत लिही. सुगीनंतर लिहिलंस तर आपल्याला हवं तेच लिहिलं जातं. आणि एका वर्षावर जाऊ नकोस, पाऊस दरसाल सारखा नसतो.

१५ ऑक्टोबरच्या आत पेरणी उरका. त्याआधी खणून ओल कुठवर उतरलीय ते बघ आणि मला कळव.

तुझा काका