व्हर्च्युअलबॉक्स म्हणतं व्हीटी-एक्स बंद आहे. लॅपटॉप बदलावा लागेल का?

अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की एचपीचा आय५ लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, विंडोज ११. कॉलेजच्या लिनक्स प्रॅक्टिकलसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा, 'व्हर्च्युअल' संगणक चालवणारा प्रोग्रॅम) उबंटू हे लिनक्स घालायचंय, पण व्हीटी-एक्सची एरर येते आणि फोंड्यातल्या दुकानदाराने 'मदरबोर्ड सपोर्ट करत नाही, नवीनच घे' असं सांगितलं. व्हीटी-एक्स म्हणजे असे व्हर्च्युअल संगणक चालवायला मदत करणारी प्रोसेसरमधली सोय. विंडोज ११ अधिकृतपणे चालणाऱ्या प्रत्येक आय५मध्ये ती असतेच. इंटेलने ती २००५ मध्ये बाजारात आणली, एएमडीने तशीच २००६ मध्ये. कोअर २ ड्युओच्या काळात काही मॉडेलांत ती नसायची. दुकानदार बहुतेक अजून तिथेच आहे.

आधी टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा), 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'सीपीयू' निवडा. आलेखाखाली 'व्हर्च्युअलायझेशन' अशी ओळ असेल. तिच्यापुढे 'डिसेबल्ड' आहे की 'इनेबल्ड', त्यावर पुढचं सगळं ठरतं.

'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या (फर्मवेअरच्या) सेटिंगमध्ये, शिरावंच लागेल. संगणक सुरू होताना फर्मवेअर प्रोसेसरमधल्या एका रजिस्टरमध्ये ही सोय चालू की बंद ते लिहितं आणि लगेच त्याला कुलूप घालतं. मशीन रीसेट होईपर्यंत ते कुलूप निघत नाही. विंडोजलाही नाही, ॲडमिनिस्ट्रेटरलाही नाही. त्यामुळे यूट्यूबवर 'बायोसमध्ये न जाता व्हीटी चालू करा' म्हणून जी सॉफ्टवेअरं देतात, ती डाउनलोड करू नका. इतका बंदोबस्त उगाच नाही. २००६ मध्ये जोआना रुटकोव्स्का या संशोधिकेने 'ब्लू पिल' दाखवलं होतं: एएमडीची अशीच सोय वापरून चालू विंडोजच्या खाली लपून बसणारा प्रोग्रॅम.

आत जाण्यापूर्वी एक काम मात्र विसरू नका. विंडोज ११च्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते, होम आवृत्तीवरसुद्धा, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आधीच उघडून वहीत उतरवून ठेवा. माझ्याकडे म्हापशात या भानगडीत अडकून येणारे लोक व्हीटीवाल्यांपेक्षा जास्त आहेत.

आता मुख्य काम, जे दोन मिनिटांचं आहे. लॅपटॉप रीस्टार्ट करा, पडदा काळा होताच एस्केप टिचकवत राहा आणि मेन्यू आला की एफ१०. 'सिस्टम कॉन्फिगरेशन'खाली 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' सापडेल. ऑफिसवाल्या मॉडेलांत ते 'ॲडव्हान्स्ड'मधल्या 'सिस्टम ऑप्शन्स'मध्ये असतं. 'इनेबल्ड' करा, सेव्ह करून बाहेर पडा. एस्केपची वेळ साधत नसेल तर शिफ्ट दाबून ठेवून विंडोजमधूनच रीस्टार्ट करा, मग 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज'. मित्राचा डेल असेल तर एफ२, असेंबल केलेल्या डेस्कटॉपला सहसा डिलीट. रायझनवाल्यांनी (एएमडीचे प्रोसेसर) 'व्हर्च्युअलायझेशन' शोधत बसू नये, तिथे 'एसव्हीएम मोड' लिहिलेलं असतं आणि काही बोर्डांवर चक्क ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडवलेलं असतं. शेजारी 'व्हीटी-डी' दिसलं तर ते वेगळं प्रकरण, ग्राफिक्स कार्डासारखं हार्डवेअर थेट व्हर्च्युअल मशीनला देण्यासाठी. तुम्हाला नको.

टास्क मॅनेजरमध्ये 'इनेबल्ड' असूनही व्हर्च्युअलबॉक्स कुरकुरत असेल तर बायोसला हात लावू नका. मग विंडोजच्या हायपर-व्हीनेच (व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची स्वतःची यंत्रणा) ती सोय आधी ताब्यात घेतलेली असते. एरर नीट वाचा: 'डिसेबल्ड इन द बायोस' असेल तर वरचा उपाय, नुसतं 'नॉट अव्हेलेबल' असेल तर हा प्रकार. नवं व्हर्च्युअलबॉक्स अशा वेळीही चालतं, पण रडतखडत. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं ते त्याचंच चिन्ह. वेग हवा तर 'विंडोज फीचर्स'मधून हायपर-व्ही आणि 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' काढायचं, 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करायची. ही शेवटची मी सहसा बंद करू देत नाही, ती तुमच्या संरक्षणासाठी आहे. प्रॅक्टिकल नुसतं टर्मिनल आणि जीसीसी (सी भाषेचा कंपायलर) एवढ्यापुरतं असेल तर सरांना विचारून डब्ल्यूएसएलवरच (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) उबंटू घ्या, व्हर्च्युअलबॉक्सची गरजच पडणार नाही. अर्थात बायोसमधलं बटण त्यालाही लागतंच, निदान आवृत्ती २ला.

व्हर्च्युअल मशीनला ८पैकी ४ जीबीपेक्षा जास्त रॅम देऊ नका. आणि कुणी 'आधी बायोस अपडेट कर' म्हणालं तर या कामासाठी सहसा त्याची गरज नसते. करायचंच झालं तर चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना. डेस्कटॉपवर तर यूपीएसशिवाय पावसाळ्यात हे करूच नये. आपल्याकडे आषाढात लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि अपडेट मध्येच तुटलं तर तो मदरबोर्ड खरोखरच दुकानात न्यावा लागेल.