वळणांच्या नदीतली वेगवान बोट: कॅमेरा काठाच्या जवळ न्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नदी जेमतेम २० मीटर रुंद आणि वळणावळणांची आहे, जेटबोट (मागे पाण्याचा झोत फेकून पळणारी बोट) तीत ४० नॉटच्या आसपास धावते, बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि तरीही काचेच्या चौकटीवर बसवलेल्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले की बोट रमतगमत चालल्यासारखी वाटते. यावर उपाय म्हणून नवा कॅमेरा घ्यावा, फ्रेमरेट (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) वाढवावा की ड्रोन घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, यांपैकी कशावरही पैसे खर्च करण्याआधी आहे त्याच कॅमेऱ्याची जागा बदलून पाहावी.

४० नॉट म्हणजे ताशी ७४ किलोमीटर, अर्थात सेकंदाला २० मीटरहून थोडे अधिक. पण हा आकडा प्रेक्षकाला दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की चौकटीतली वस्तू किती झपाट्याने सरकते. आणि ते त्या वस्तूच्या अंतरावर अवलंबून असते. समोर दूरवर असलेले झाड चौकटीच्या मध्यभागी जवळजवळ स्थिर राहते, तर हाताच्या अंतरावरून जाणारी फांदी दिसते न दिसते तोच निघून जाते. काचेवरचा कॅमेरा नेमका त्या दूरच्या झाडाकडे पाहत असतो, आणि जे जवळचे पाणी वेग दाखवू शकले असते ते बोटीच्या पुढच्या भागाखाली झाकलेले असते. तोच कॅमेरा बोटीच्या बाहेरच्या कडेला, पाण्यापासून अर्धा मीटर उंचीवर आणला, तर पाण्याचा पृष्ठभाग दोन मीटर उंचीवरून दिसतो त्याच्या चौपट वेगाने सरकताना दिसतो. बोट तीच, वेग तोच.

आता डावी कड की उजवी, हे नदीच ठरवते. वळणावर प्रवाह बाहेरच्या काठाला घासून जातो, त्यामुळे खोल पाणी बाहेरच्या बाजूला आणि वाळूचा किंवा गोट्यांचा उथळ पट्टा आतल्या बाजूला असतो. चालक साहजिकच खोल पाणी धरून चालतो. म्हणजे नदी डावीकडे वळत असेल तेव्हा उजवा काठ, त्यावरची तुटलेली दरड, उघडी पडलेली मुळे आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्या बोटीच्या सर्वांत जवळ येतात, आणि पुढच्याच वळणावर हे सगळे डावीकडे जाते. दोन कॅमेरे असतील तर दोन्ही कडांना एकेक लावावा आणि संकलनात ज्या वळणाला जो काठ जवळ आला तो घ्यावा. एकच असेल, तर ज्या वळणांचे चित्रण खरोखर हवे आहे ती आधी निश्चित करून त्यानुसार बाजू निवडावी.

मात्र केवळ खालून घेतलेल्या शॉटवर संपूर्ण चित्रफीत उभी राहत नाही. पाणी आणि पाने नुसती भरभर सरकत राहिली, की थोड्याच वेळात प्रेक्षकाला आपण कुठे आहोत हे कळेनासे होते आणि वेगाचा परिणामही ओसरतो. म्हणून एक कॅमेरा मागच्या बाजूला, मध्यभागी आणि चालकाच्या डोक्याहून किंचित वर असावा. त्यातून चालकाचे खांदे, सुकाणूवरचे हात आणि समोर उलगडत जाणारे वळण एकत्र दिसते. पुढे भिंतीसारखा काठ येतो आहे, रस्ता संपल्यासारखा वाटतो आहे, हात फिरले, बोटीचा मागचा भाग बाहेर घसरला आणि मग वळणामागचे पाणी दिसले: हा क्रम सलग पाहिल्याशिवाय अरुंद नदीतल्या वेगाची भीती पोहोचत नाही. मला विचाराल तर हाच शॉट चित्रफितीचा कणा आहे, आणि बाकीचे सगळे त्याच्या आधाराने वापरावे.

कॅमेरा बसवताना एका साध्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बोट धक्क्याला उभी असताना तिचे नाक ज्या कोनात असते, त्या कोनात ते धावताना नसते. वेग घेताना ते आधी बरेच वर उचलले जाते आणि बोट पाण्यावर तरंगत धावू लागली की बरेचसे खाली बसते, तरी धक्क्यावरच्यापेक्षा थोडे वरच राहते. धक्क्यावर क्षितिज मध्यभागी धरून आवळलेला कॅमेरा प्रत्यक्ष धावेत अर्ध्याहून अधिक चौकटीत आकाशच टिपत राहतो. त्यामुळे एक छोटी धाव घ्यावी, पूर्ण वेगातली फ्रेम तपासावी, थांबून कोन दुरुस्त करावा आणि मगच स्क्रू पक्का आवळावा.

थरथरीबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण जागा बदलली की ही अडचण येणारच. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर ते सेकंदाला १०० फेरे होतात. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि त्यालाही काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात आधार हलला की सरळ खांब नागमोडी दिसतो आणि सगळे चित्र थलथलते. हा दोष नंतर संगणकावर नीट काढता येत नाही. आधाराचा हात शक्य तितका आखूड ठेवावा, तो कठड्याच्या मोकळ्या टोकाला न लावता बोटीच्या भरीव भागाला लावावा, आणि लांब हात अटळच असेल तर दुसऱ्या दिशेने आणखी एक आधार देऊन त्रिकोण करावा. बोटीला बांधलेली आखूड, मजबूत दोरी प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्रपणे असावी; केवळ चिकटपट्टीच्या आधारावर विसंबू नये.

स्थिरीकरणाचा मोह आवरावा. कॅमेऱ्यातले स्थिरीकरण बाहेरच्या जगाला स्थिर ठेवू पाहते, त्यामुळे चौकटीत बोटीचा भाग असला की तोच इकडेतिकडे भटकू लागतो आणि वळणावर चित्र उशिरा, झटक्याने फिरते. बोट दिसते त्या शॉटमध्ये ते कमीत कमी ठेवावे. क्षितिज समतल ठेवणाऱ्या सोयीचेही असेच आहे: वळताना बोट आतल्या बाजूला कलते, चौकटीत बोट दिसत असेल तर समतल क्षितिजावर तिचा कल उठून दिसतो, पण बोट दिसतच नसेल तर ही सोय तो कल पुसूनच टाकते.

फ्रेमरेट वाढवून वेग वाढत नाही. तो वाढवून चित्रण संथ गतीत दाखवले तर वेग उलट नाहीसा होतो. तुषार उडताना दाखवण्यासाठी एखाद्या ठिकाणी संथ गती शोभते, एवढेच. वेगाची जाणीव शटरशी, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी ते किती वेळ उघडे राहते याच्याशी, अधिक निगडित आहे; तेवढ्या वेळात जे सरकते ते धूसर येते आणि तो धूसरपणाच वेग सांगतो. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारी बोट १/५० सेकंदात सुमारे ४० सेंटिमीटर पुढे जाते, १/२०० मध्ये १० आणि १/१००० मध्ये फक्त २. भर उन्हात कॅमेऱ्याला मोकळे सोडले की तो १/१००० किंवा त्याहूनही जलद शटर घेतो, प्रत्येक पान कोरीव येते आणि चित्र तुटक, कडकडीत वाटते. काठावरून सेकंदाला २५ फ्रेमने चित्रण करताना १/५० योग्य. बोटीवर मात्र थोडी थरथर राहतेच, आणि संथ शटरमध्ये तिचा धूसरपणा साठतो, म्हणून तिथे मी १/२०० च्या आसपास थांबतो. स्वच्छ उन्हात एफ २.८ च्या भिंगाला १/२०० साठी एनडी १६ (प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर आणणारी गडद काच) आणि १/५० साठी एनडी ६४ फिल्टर लागतो. शटर आणि रंगसमतोल हाताने पक्के करावेत, आणि आयएसओला (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेला) मर्यादा घालून तेवढाच मोकळा ठेवावा, कारण झाडांच्या बोगद्यातून उघड्या पात्रात येताना प्रकाश तीन-चार स्टॉपने, म्हणजे आठ ते सोळा पटीने, बदलू शकतो.

चकाकी घालवण्यासाठी पोलरायझर (परावर्तित प्रकाश अडवणारा फिल्टर) लावावा का, असेही आपण विचारले आहे. काठावरच्या कॅमेऱ्याला अवश्य लावावा. बोटीवरच्या कॅमेऱ्याला लावू नये. पाण्यावरची चकाकी हा फिल्टर ठराविक कोनातच पूर्ण अडवतो, आकाशावरचा त्याचा परिणामही सूर्याच्या दिशेनुसार बदलतो, आणि वळणावळणांच्या नदीत बोटीची दिशा सतत बदलत असते. परिणामी एका वळणात तळ दिसतो, पुढच्या वळणात पाणी पांढरे होते आणि आकाश मध्येच गडद पडते.

भिंगावरचे थेंब पूर्णपणे टाळता येत नाहीत. पाणी न धरणारा लेप द्यावा, प्रत्येक धावेनंतर मऊ कापडाने काच टिपावी, आणि बंद खोक्यात कॅमेरा असेल तर आत धुके धरू नये म्हणून सिलिका जेलची पुडी ठेवावी.

काठावरून चित्रण करणाऱ्याने थोडे गणित मनात ठेवावे. बोट १० मीटरवरून समोरून आडवी जात असेल, तर तिला चौकटीत धरण्यासाठी कॅमेरा सेकंदाला सुमारे १२० अंश फिरवावा लागतो, आणि ते कोणालाही नीट जमत नाही. तीच बोट १०० मीटरवर असली की १२ अंश पुरतात. म्हणून आडव्या शॉटपेक्षा वळणाच्या रेषेत, लांब (दूरचे जवळ दाखवणारे) भिंग घेऊन, बोट अंगावर येताना टिपावी. लांब भिंगामुळे मागचे वळण आणि पुढचे वळण एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात आणि नदी आहे त्याहून अरुंद वाटते. अशी जागा बहुधा वळणाच्या बाहेरच्या काठावर सापडते, आणि नेमकी तीच धोक्याची आहे, कारण पकड सुटलेली बोट बाहेरच्याच काठाकडे जाते. तिथे तिवईवर कॅमेरा सोडून माणसाने दूर व्हावे. माणूस हवाच असेल तर तो आतल्या बाजूला किंवा उंच दरडीवर असावा.

ड्रोनबद्दल आपली अपेक्षा थोडी कमी करावी लागेल. बरेचसे छोटे ड्रोन अडथळे ओळखणारी यंत्रणा चालू असताना सेकंदाला १५-१६ मीटरच्या आसपास जातात. वेगवान मोडमध्ये काही २० पर्यंत पोहोचतात, पण तेव्हा ती यंत्रणा सहसा बंद असते. म्हणजे झाडांच्या कमानीतून बोटीच्या मागे ड्रोन लावणे हा पैसे पाण्यात घालण्याचाच प्रकार आहे. मात्र नदीचे वळणदारपण इथे आपल्या उपयोगी पडते. पात्राची लांबी सरळ अंतराच्या दीडपट असेल तर २० मीटर वेगाने धावणारी बोट सरळ रेषेत सेकंदाला जेमतेम १३ मीटरच पुढे सरकते, आणि झाडांच्या वरून सरळ जाणारा ड्रोन तिला आरामात गाठतो. असा उंचीवरचा शॉट वेग दाखवणार नाही, पण वळणांची नक्षी दाखवील, आणि सुरुवातीला एकदा ती दिसली की पुढची सगळी वळणे प्रेक्षकाला उमजतात. विजेच्या तारा, ड्रोनचे नियम आणि नदीवरची वेगमर्यादा यांची चौकशी आधीच करावी.

चालकाशी बोलणे हा भाग तांत्रिक वाटत नाही, पण त्याला पर्याय नाही. जेटबोट ही १९५० च्या दशकात न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी उथळ नद्यांसाठी विकसित केली. तिला पंखा बाहेर नसतो, आणि मागे फेकलेल्या पाण्याच्या झोताची दिशा बदलूनच ती वळते. त्यामुळे झोत थांबला की सुकाणूही जवळजवळ निकामी होते. वेगात असताना ती उथळावरून सहज निघून जाते, पण वेग तोडला की खाली बसते आणि तळाला टेकते. म्हणून चित्रण करणाऱ्याने वळणाच्या मध्यात ‘थांबा’ किंवा ‘हळू’ असे ओरडणे अत्यंत घातक आहे. इशारे आधी ठरवावेत आणि ते फक्त सरळ पट्ट्यात द्यावेत. चित्रणाआधी तोच पट्टा संथपणे एकदा पाहून घ्यावा, कारण वरच्या अंगाला पाऊस झाला की वाहून आलेले ओंडके जागा बदलतात. चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेली असावी, सर्वांनी जीवरक्षक जाकीट घालावे, आणि बोटीत कोणीही उभे राहू नये किंवा वळणावर एका बाजूला सरकू नये. पुढच्या आंधळ्या वळणापलीकडे वॉकीटॉकी घेतलेला माणूस असल्याशिवाय धाव सुरू करू नये. पोहणारे, मासे धरणारे आणि होडीवाले यांना बोटीचा आवाज ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आवाजाचा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो या चित्रणाचा अर्धा भाग आहे. बोटीवरच्या कॅमेऱ्याचा माइक वाऱ्याने पूर्ण भरून जातो आणि त्यातून काहीही वाचत नाही. एक छोटा रेकॉर्डर बोटीतल्या बंद कप्प्यात, स्पंजात गुंडाळून, पातळी बरीच खाली ठेवून चालू करावा, आणि सुरुवातीला सर्व कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे नंतर जुळवणे सोपे जाते. दुसरा रेकॉर्डर काठावर ठेवावा. ४० नॉटने बोट समोरून निघून जाते तेव्हा इंजिनाचा सूर साधारण शुद्ध रिषभावरून षड्जावर यावा इतका उतरतो. काठावरच्या शॉटला हाच आवाज द्यावा. बोटीतला सपाट आवाज तिथे चिकटवला तर ती लबाडी कान लगेच पकडतो.

संकलनात बोटीची पडद्यावरची दिशा एकच ठेवावी. नदी वळत असल्याने सूर्य आणि काठ बाजू बदलत राहतात, त्यात काठावरचे कॅमेरेही दोन्ही तीरांवर विखुरलेले असले तर बोट परत फिरली की काय असे वाटते. म्हणून काठावरचे सगळे कॅमेरे एकाच तीरावर ठेवणे सोयीचे. कट वळणाच्या मध्यात न देता, पुढचे पाणी दिसू लागल्यावर द्यावा. आणि चित्रफीत संगणकावर जलद करण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण उडालेले तुषार किती वेळात खाली पडतात हे प्रत्येकाच्या नजरेला ठाऊक असते.