अमेरिकेत मसाज थेरपिस्ट व्हायला लायसन्स लागतं का? पुण्यात केलेला पंचकर्माचा कोर्स चालेल का?

लागतं. मी टेक्सासचं सांगते, माझं लायसन्स तिथलंच आहे. खरं तर एवढ्यावर थांबले असते, पण तुम्ही खाली लिहिलंय, ‘नुसती मालिश करायला एवढं शिकायचं काय असतं, आपल्याकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या करतातच की.’ हे वाक्य आमच्या मोठ्या दिरांचं, म्हणजे दादांचं आहे, अगदी शब्दन्‌शब्द. त्यामुळे आता जरा लांबण लागणार.

टेक्सासमध्ये हे काम टीडीएलआर या सरकारी खात्याकडे आहे. मान्यता असलेल्या शाळेत 500 तास, मग एमब्लेक्स परीक्षा, आणि बोटांचे ठसे देऊन पोलीस रेकॉर्डची तपासणी. या 500 तासांत हाताने करायच्या मसाजचे तास 200 आणि इंटर्नशिपचे 50. उरलेल्यात शरीररचना, स्नायूंच्या हालचाली, कायदा, स्वच्छता, प्रथमोपचार वगैरे. त्यातच 40 तास पॅथॉलॉजी, म्हणजे आजार. लोकांना वाटतं शाळेत दाबायला शिकवतात. दाबायचं कधी नाही, हे त्या 40 तासांत शिकवतात.

सासूबाईंची बहीण मुंबईहून आली होती. दोहाला थांबून डॅलसला, बहुतेक वेळ खुर्चीत. दोन-तीन दिवसांनी सगळे दादांकडे जेवायला जमलो. मावशींची एक पोटरी भरून आली होती. जाऊबाईंनी वाटीत नारायण तेल गरम करून माझ्यापुढे ठेवलं, घरात लायसन्सवाली आहे म्हणून. मावशींनी मोजे काढले. एका पायावर इलॅस्टिकची रेघ जेमतेम दिसत होती, दुसऱ्यावर खोल रुतलेली. त्याच पोटरीची कातडी ताणून चकाकत होती. हाताची मागची बाजू आधी एका पोटरीला लावली, मग दुसरीला. सुजलेली गरम होती.

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि म्हटलं, “मावशी, डॉक्टरने बघितल्याशिवाय या पायाला मी हात लावणार नाही.”

झालं! लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पाय सुजला, दुखतोय, गरम लागतोय, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. हे मी शांतपणे सांगितलं. दादा म्हणाले, “चार पुस्तकं वाचलीस म्हणून डॉक्टर झालीस का? आमची आजी असती तर पाच मिनिटांत मोकळा केला असता पाय.” मी डॉक्टर नाहीच. निदान करायची मला कायद्यानेच परवानगी नाही, म्हणून तर पाठवत होते. शेवटी आमच्या यांनी गाडी काढली. इमर्जन्सीत रात्र गेली. सोनोग्राफी केली, तर गुठळी नव्हती, स्नायू दुखावला होता. मावशींचा विमा होता, पण डिडक्टिबलचे, म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपण भरायचे पैसे खिशातून गेले.

तेव्हापासून प्रत्येक गणपतीला हा किस्सा निघतो. ‘हिने मावशींना घाबरवलं, वर बिल केलं.’ दादा या साइटवर असतात, वाचतीलच, म्हणून लिहून ठेवते: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पाठवणं चुकलं असं होत नाही. नुसत्या हाताने स्नायू आणि गुठळी ओळखता आली असती तर सोनोग्राफीचं मशीन कुणी घेतलंच नसतं. उद्या तसाच पाय पुढे आला तर परत तेच करीन. आणि आजींचं म्हणाल, तर त्यांच्यापुढे इतके तास विमानात बसून आलेला पाय कधी आला होता?

बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बायकांचा हात माझ्यापेक्षा चांगला असतो, हे मी मान्य करते. वाद हाताचा नाहीच.

आता तुमचा कोर्स. नुसत्या सर्टिफिकेटवर लायसन्स मिळत नाही. विषयवार तास दाखवणारं ट्रान्सक्रिप्ट असेल तर त्यातलं काय धरतात ते टीडीएलआरला लेखी विचारा. पंचकर्म सेंटरच्या कोर्समध्ये टेक्सासचा कायदा आणि पॅथॉलॉजी असण्याची शक्यता कमीच, त्यामुळे शाळेत बसावं लागेल असं धरूनच चाला. हातालाही नवीन वळण लावावं लागतं. अभ्यंगात आपण बहुतेक केसांच्या दिशेने, वरून खाली येतो. इथे स्वीडिश मसाजमध्ये पायावरचा जोर खालून वर, हृदयाकडे. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात तर दाब द्यायचाच नाही. माझा हात सवयीने खाली यायचा आणि शाळेतल्या बाई लांबूनच ओरडायच्या.

एमब्लेक्समध्ये 110 मिनिटांत 100 प्रश्न असतात. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, त्यामुळे ‘नंतर बघू’ ही आपली सवय तिथे चालत नाही. पास झाल्यावर दर दोन वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी 12 तासांचं शिक्षण. पहिल्या मसाजआधी गिऱ्हाइकाची सही घेतलेला कन्सल्टेशन फॉर्मही लागतो. ओळखीची मराठी मंडळी ‘घरच्यासारखं आहे, फॉर्म कशाला’ म्हणतात. भरून घ्या.

हो, एक आधीच सांगायला हवं होतं. हे सगळं राज्यागणिक बदलतं. न्यूयॉर्कला 1000 तास लागतात. कॅलिफोर्नियात राज्याचं सक्तीचं लायसन्स नाही, कॅमटीसी या संस्थेचं ऐच्छिक प्रमाणपत्र आहे, पण शहरांचे स्वतःचे नियम असतात. आणि तुम्ही एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून येणार असाल तर मसाजचं लायसन्स म्हणजे कामाची परवानगी नव्हे, ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, वेगळं लागतं. ते नसताना शेजारणीकडून पैसे घेऊन मालिश केलीत तर लायसन्सपेक्षा मोठी भानगड होईल.

ट्रान्सक्रिप्ट मात्र पुण्यात असतानाच, शिक्का आणि तासांसकट घेऊन ठेवा. इथून फोन करून ते मिळवता मिळवता नाकी नऊ येतात.